कॉफीचं मशीन नंतर, आधी स्टीलचा फिल्टर



घरून किंवा छोट्या गाळ्यातून कॉफी विकायची ठरली की पहिला प्रश्न येतो, "सर, मशीन कुठलं घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीला घेऊच नका, कर्ज काढून तर नाहीच. गिऱ्हाईक येवो न येवो, हप्ता ठरलेल्या तारखेला जातोच.

मग करायची कशात? दाक्षिणात्य घरांत असतो तो स्टीलचा किंवा पितळी फिल्टर. एकावर एक दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. प्लास्टिकचा तुकडा नाही, वीज नाही, कागदी फिल्टर आणणं नाही. वरच्या डब्यात 20 ग्रॅम पावडर घाला, चकतीने हलकीच दाबा. ठासलीत तर पाणी खाली उतरणारच नाही. उकळलेलं पाणी अर्धा मिनिट थांबून 150 मिली ओता, झाकण ठेवा आणि 15-20 मिनिटं हात लावू नका. एवढ्या अर्कात चार कप होतात. अर्क परत उकळू नका, कडवट होतो. गरम दूधच त्यात ओता.

फिल्टरही नसेल तर पातेलं आहेच. पाणी उकळून गॅस बंद, जाडसर पावडर घालून चार मिनिटं झाकायचं, सुती फडक्यातून गाळायचं. फडकं लगेच धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास मारतं. फ्रेंच प्रेस घेणार असाल तर बघून घ्या, काचेच्या भांड्यालाही बऱ्याचदा प्लास्टिकचं झाकण असतं.

आता हिशोब. समजा पावडर 800 रुपये किलो, म्हणजे 20 ग्रॅमचे 16 रुपये, कपाला 4. दूध 60 रुपये लिटर धरलं तर 100 मिलीचे 6. साखर धरून साडेदहा-अकरा. गॅस, भाडं, तुमची मेहनत वेगळी. तुमच्या गावच्या भावाने आकडे बदला, पण हे गणित कागदावर मांडल्याशिवाय दर ठरवू नका. चव जमली की दहा शेजाऱ्यांना पैसे घेऊन पाजा. फुकट दिली तर सगळे छानच म्हणणार!

एक गोष्ट मला खटकते. "प्लास्टिकमुक्त कॉफी" असा बोर्ड लावायचा आणि कागदी कपात द्यायची. त्या कपाला आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचाच थर असतो. एखाद्या जाणत्या गिऱ्हाईकाने चारचौघांत विचारलं तर काय सांगाल? काचेचा ग्लास किंवा स्टीलचा डवरा-पेला ठेवा, पार्सलवाल्याला स्वतःचा थर्मास आणायला सांगा आणि त्याला दोन रुपये कमी लावा. चिकोरीचंही तसंच. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते, विचारलं तर खरी सांगा.

आणि हो, घरून विकत असाल तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. बोर्ड रंगवायला टाकण्याआधी ती करून घ्या.