शिवारफेरीत नापास प्लॉटही दाखवा

थंडीत पेपरात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी आली की आम्हा नाशिककरांची कॉलर उगाचच ताठ होते. पण तो पारा मोजतात कुठे? तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. १९३२ साली सुरू झालेलं हे केंद्र आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. इथून निघालेल्या वाणांची नावं बघा: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. नाशिकदर्शनाची बसच जणू :)

मी राहतो अंबडला, पोटासाठी कोड लिहितो. एमआयडीसी आणि सिडको आल्यावर इथली शेती गेली, पण शेतकरी काही गेला नाही. सीएनसी मशीनवर उभा असलेला माणूस डबा खाताखाता गावाकडे फोन लावून विचारतो, "गव्हाला दुसरं पाणी दिलं का?" यंदा कुठलं बी आणायचं हेही बऱ्याचदा तोच ठरवतो. म्हणून शिवारफेरी हा विषय मला आयटीवाल्यांच्या गप्पांइतकाच जवळचा वाटतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा बियाणं कंपनी वेगवेगळे वाण शेजारीशेजारी पेरते, प्रत्येकापुढे पाटी लावते आणि फेब्रुवारीच्या आसपास शेतकऱ्यांना बांधाबांधाने फिरवते. कल्पना उत्तमच आहे. छापील पत्रकावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. तो ओंबी तोडतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारून भुसा उडवतो आणि दाणे मोजतो. डॉ. स्वामिनाथन यांनी १९६० च्या दशकात दिल्लीजवळच्या जौंती गावात शेतकऱ्यांच्याच रानात बुटक्या मेक्सिकन गव्हाची प्रात्यक्षिकं घेतली, ती याच कारणाने. डोळ्यांनी बघितलं की पटतं.

आणि घोळ नेमका इथेच आहे. डोळ्यांना दाखवायचं काय, हे दाखवणारा ठरवतो.

मी तीन-चार फेऱ्या केल्या आहेत (नावं घेत नाही). प्रत्येक ठिकाणी आपल्याला नेतात ते वेळेवर पेरलेल्या, वेळेवर पाणी मिळालेल्या, गालिच्यासारख्या प्लॉटवर. आमचे सिन्नरचे मामा असाच एक प्लॉट बघून हरखले आणि पुढच्या हंगामात, म्हणजे २०२१ च्या हिवाळ्यात, तेच बी घेऊन आले. आता मामांचं रान लाल कांदा निघाल्याशिवाय मोकळं होत नाही. पेरणीला डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. त्यात मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च निघाला. दाणा भरायच्या ऐन वेळी ऊन तापलं आणि गहू चिमला. केंद्र सरकारने त्याच मे महिन्यात गव्हाची निर्यात बंद केली, म्हणजे फटका एकट्या मामांना नव्हता. पण वाण वेळेवर पेरणीचा होता, ही गोष्ट त्या पाटीवर कुठेच नव्हती.

बरं, उशिरा पेरणीसाठी वाण नाहीत का? आहेत की. निफाड ३४ उशिरासाठीच आहे, फुले समाधान दोन्हीला चालतो, पाणी कमी असेल तर नेत्रावती. उशिरा पेरणीच्या चाचण्याही दरवर्षी होतात, आकडे असतात. पेरणीला एक पंधरवडा उशीर झाला की हेक्टरी अडीच क्विंटल घट धरा, असं विद्यापीठच सांगतं. मग तो पातळ, लवकर पिवळा पडलेला प्लॉट फेरीच्या वाटेवर का नसतो?

एका शास्त्रज्ञांना मी हे विचारलंच. म्हणाले, "अहो, वाईट प्लॉट दाखवला तर लोक म्हणतात, यांनाच शेती येत नाही, आपल्याला काय शिकवणार?" त्यांची अडचण कळते, पण पटत नाही. आमच्या धंद्यात क्लायंटला डेमो देताना सगळं कसं लोण्यासारखं चालतं. खरी परीक्षा हजार लोक एकदम लॉगिन करतात तेव्हा. म्हणूनच नवीन आवृत्तीसोबत माहीत असलेल्या बगची यादी देतात, आणि ती यादी वाचून कोणी प्रोग्रामरला अडाणी म्हणत नाही.

पाण्याचंच घ्या. एकच पाणी हाताशी असेल तर ते ४०-४२ दिवसांनी द्यावं, दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. ही वाचून लक्षात राहत नाही, निदान माझ्या तरी राहिली नव्हती. पण एकाच वाणाचे एक, दोन, तीन आणि सगळी पाणी दिलेले चार तुकडे शेजारी ठेवा. ज्याच्या विहिरीने जानेवारीतच तळ गाठलाय, तो माणूस पहिल्या तुकड्यापाशी अर्धा तास उभा राहील. गालिच्याकडे बघणारही नाही.

दुसरं म्हणजे, फेब्रुवारीतला हिरवेपणा हा उतारा नव्हे. उंच, दाट पीक डोळ्यात भरतं, वजनकाट्यावर कधीकधी वेगळंच निघतं. तेव्हा मळणीच्या दिवशी पुन्हा बोलवा आणि पोतं सगळ्यांसमोर वजन करा. आणि त्या दिवशी बायकांनाही बोलवा हो! लोक-१ हा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा गुजरातचा वाण. तांबेऱ्याला बळी पडतो तरी अजून टिकून आहे, यात पोळीचा वाटा मोठा आहे असं माझं मत. अंबडमध्ये एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरताना नमुन्याचं पीठ मळून बघते ती घरातली बाई, आणि शिवारफेरीत बघावं तर सगळ्या टोप्याच टोप्या.

आणि हो, फेरी कृपा करून मंगळवारी सकाळी अकराला ठेवू नका. रविवारी ठेवा. अंबडहून एक बस भरून आणायचं काम माझ्याकडे लागलं.