बाळाचा पहिला नाताळ

मैत्रिणींनो, डिसेंबर लागला की आमच्या घरी माळ्यावरून दोन वस्तू खाली येतात. एक करंज्यांचं मोठं पितळी परात-कातण्याचं गाठोडं आणि दुसरी बांबूच्या कामट्यांची चांदणी. दर वर्षी तिला नवा घोटीव कागद चिकटवायचा, आत दिवा सोडायचा आणि गॅलरीत टांगायची. गेल्या वर्षी मात्र तिसरी वस्तूही उतरली, ती म्हणजे पाळणा. १९ नोव्हेंबर २०२४ ला मला मुलगी झाली. हे दुसरं बाळंतपण, त्यामुळे सासरी पुण्यातच. शाळेतली माझी नोकरी अर्धवेळ, रजा मिळाली ती बिनपगारी, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.

बारशाचा विषय निघायच्या आधीच सासूबाईंनी जाहीर केलं, "पंचवीस तारखेला सगळ्यांना जेवायला बोलावते. नाताळ आणि बाळाचं कौतुक, एकात दोन होऊन जाईल." सगळे म्हणजे दीर-जावा, नणंदा, त्यांची मुलं, मंडळीतली दोन-चार घरं. पस्तीस माणसं सहज. नाताळला बाळ छत्तीस दिवसांचं असणार होतं. मी नुसती "बरं" म्हणाले आणि रात्रभर जागी राहिले. बाळ झोपलं होतं, मीच जागी!

त्याचं कारण नगरला आहे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माहेर काही जिभेवरून इतक्या लवकर बदलत नाही.) नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं, त्यामुळे तिथं आमच्यासारखी चार-पाच पिढ्यांची ख्रिस्ती घरं पुष्कळ. आमचा नाताळ म्हणजे चित्रातला बर्फ आणि लाल टोपी नव्हे. फराळ दिवाळीचाच: करंज्या, चकल्या, शंकरपाळे. गाणी रेव्हरंड टिळकांची, पेटी आणि ढोलकीवर म्हटलेली. आणि नानकटाई! ती घरी भाजायची नाही. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप डब्यांतून घेऊन बेकरीत जायचं, तिथं रांग लावायची. भट्टीवाला किलोमागे पैसे घेऊन मळून, भाजून द्यायचा. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि तरीही पत्र्यावर डोळा ठेवून उभं राहायचं, हे काम आम्हा मुलांचं. गरम डबा मांडीवर घेऊन वडिलांच्या सायकलवर घरी यायचं, थंडीत तेवढीच ऊब. आजही वेलदोड्याचा वास आला की मला ती सायकल आठवते.

चोवीसच्या रात्री गाण्याची टोळी घरोघर फिरायची. आमच्या आळीत यायला एक वाजायचा. आम्ही स्वेटर घालून जागे. दार उघडायचं, सगळे आत यायचे, एक गाणं व्हायचं, मग चहा आणि फराळाचं ताट.

१९९६ साली मी सात वर्षांची होते. ३ डिसेंबरला माझा भाऊ जन्मला. आम्हाला वाटलं, या वर्षी आपला नाताळ खराखुरा, घरातच बाळ आहे! मी तर दारात गवत पसरून गव्हाण मांडली होती आणि भावाला त्यात ठेवायचा हट्ट धरला होता. तो कुणी पुरवला नाही, एवढं एक बरं केलं.

पण त्या नाताळचं दुसरं चित्रही माझ्या डोळ्यांपुढे आहे. आई पाटावर बसून करंज्या तळते आहे. बाळंतीण होऊन तिला अठरा-एकोणीस दिवस झालेले. ब्लाउज दुधानं भिजलेला, तो पदरानं झाकते आहे. बाळ त्याच स्वयंपाकघरात झोळीत, कारण तिथं ऊब. तेलाचा धूर, वर शेगडीत ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी. आजी दारातून म्हणते, "अजून एक घाणा काढ, टोळीला पुरायला हवं."

टोळी आली. पंचवीस-तीस माणसं आत आली. बाळ या हातातून त्या हातात फिरलं, पापे घेतले गेले. कुणाला सर्दी होती, कुणाला खोकला, कोण बघतो? सत्तावीस तारखेला सकाळी भाऊ अंगावर ओढेना. छाती आत जात होती, श्वास भराभर चालला होता. दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. पाच दिवस आई तिथं बाकावर बसून होती आणि घरी येणारं-जाणारं प्रत्येक माणूस एकच ऐकत होतं, "हिनं अंघोळ उशिरा घातली, गारठा बसला." आई काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. भाऊ वाचला, आता सहा फूट उंच आहे आणि नानकटाईचा डबा एकटा संपवतो. आजी दुष्ट मुळीच नव्हती. तिच्या बाळंतपणात तिला कुणी बसू दिलं नव्हतं, तिनं सुनेला दिलं नाही, इतकंच.

तर मैत्रिणींनो, दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंजवळ बसले. "डॉक्टरांनी सांगितलंय" अशी सुरुवात मी मुद्दामच केली नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की सासवांना वाटतं, आपल्याला काही कळत नाही असं सूनबाई सुचवते आहे. मी त्यांना ही १९९६ ची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्या अळिवाच्या खिरीसाठी खोबरं खवत होत्या, त्यांचा हात थांबला. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मागी लोक तरी कुठं त्याच रात्री आले होते? मत्तयात वाच, ते घरी आले, गोठ्यात नाही."

सासूबाईंनी वीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलंय, त्यांच्याशी वचनात कोण जिंकणार! काही मंडळ्यांत ६ जानेवारीला त्या भेटीची आठवण करतात. आमचं ठरलं, ५ जानेवारीचा रविवार. तोवर दीड महिन्याच्या लशीही होणार होत्या. एका लशीनं सगळं झालं असं नाही, तिचे पुढचे डोस अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात, पण बाळ जरा अंग धरतं. बोलावणी सासूबाईंनीच फिरवली. फोनवर "मागी लोकांसारखे या, सोनं आणलंत तरी चालेल" असंही म्हणाल्या.

नाताळच्या दिवशी यजमान आणि मोठा मुलगा उपासनेला गेले, मी बाळाजवळ राहिले. टोळीनं गाणं म्हटलं ते दाराबाहेर, मी बाळाला दुपट्यात गुंडाळून खिडकीच्या आतून ऐकलं.

पाच तारखेला दाराशीच साबण, पाण्याचं तपेलं आणि स्वच्छ पंचा ठेवला. सासूबाई स्वतः तिथं खुर्ची टाकून बसल्या. ज्याला सर्दी-खोकला, त्यानं लांबूनच आशीर्वाद द्यायचा. पापा कुणीच घ्यायचा नाही, घ्यायचाच तर पायाला हात लावावा. धाकटे दीर रुसले, पण पानावर बसेपर्यंतच. एका मावशींनी मधाचं बोट पुढं केलं, तेव्हा मी मध्ये पडले. मध वर्षाच्या आत देऊच नये, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्याला जिवावरचा आजार होऊ शकतो. सहा महिने अंगावरचंच दूध, वर पाणीसुद्धा नाही. धुरी आम्ही बंदच केली, आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कुणीच ठेवू नये, तिचा विषारी वायू आईलाही सोडत नाही. थंडीला टोपरं, मोजे आणि आईचं अंग पुरतं.

तुमच्या घरी या दिवसांत तान्हं असेल तर एवढं मात्र पाठ करून ठेवा. बाळ शांत असताना एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले, श्वास घेताना छाती आत ओढली जात असली, बाळ ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा हातापायांसकट गार पडलं, झटके आले, हलवल्याशिवाय हालचाल करेना, तर पाहुणे, पंगत सगळं तसंच टाकून दवाखाना गाठायचा. अंघोळ कधी घातली होती याची चर्चा नंतर.

माझी आई नगरहून आली होती, नानकटाईचा डबा घेऊन. डब्यावर अजून नावाची चिठ्ठी होती. आल्या आल्या तिनं पदर खोचला आणि ओट्याकडे निघाली. सासूबाईंनी तिला हाताला धरून बाळाजवळच्या खुर्चीवर बसवलं. "विहीणबाई, तुम्ही आता इथंच बसायचं," म्हणाल्या. आई बसली. नातीला मांडीवर घेतलं, बराच वेळ तिच्या मुठी उघडत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तेव्हा मला कुणी बस म्हणालं नव्हतं गं." सासूबाई तिथंच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, तिच्या हातात चहाचा कप दिला.

करंज्या तळायला अर्थातच कुणी नव्हतं, म्हणून बाजारच्या आणल्या. जरा खवट निघाल्या. यंदा मी भावाला तळायला बसवणार आहे.