बाहेरची हवा वाईट, म्हणून घरातला धूर चालेल?

थंडी सुरू झाली, मुंबईचं आकाश धुरकट झालं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "या शहरात राहायचं म्हणजे रोज चार सिगारेटी ओढल्यासारखंच आहे, मग माझ्या एका सिगारेटने असं काय होणार?" म्हणणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो. बायको-मुलं गप्प बसतात, कारण खिडकीबाहेरचं धुरकं त्यांनाही दिसत असतं. पण हे म्हणणं चुकीचं आहे, आणि त्याची किंमत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारे जास्त मोजतात.

हवेला सिगारेटीत मोजायचा हिशेब २०१५ साली अमेरिकेतल्या बर्कली अर्थ या संस्थेने मांडला. दर घनमीटर हवेत २२ मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण (पीएम २.५) असतील, तर जिवाला होणारा धोका रोजच्या एका सिगारेटइतका, असं ते ढोबळ प्रमाण. धोक्याचा अंदाज यावा म्हणून ते ठीक आहे. घरात सिगारेट पेटवायची मुभा त्यातून कुणालाच मिळत नाही.

आता घरातला हिशेब करून बघा. एक सिगारेट जळून संपेपर्यंत साधारण दहा ते पंधरा मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत सोडते. वन-बीएचकेचा हॉल धरा, बारा बाय दहाचा, उंची दहा फूट. त्यात जेमतेम ३४ घनमीटर हवा मावते. बारा मिलिग्रॅम कण तिच्यात मिसळले की प्रमाण घनमीटरला साडेतीनशे मायक्रोग्रॅमवर जातं. बाहेर शंभर झालं तर आपण मास्क शोधतो! खिडकी उघडी असेल आणि खोलीतली हवा तासाभरात बदलत असेल, तर हा धूर ओसरतो हे खरं. तरीही दिवसभराची सरासरी काढली तर एका सिगारेटमागे पंधराएक मायक्रोग्रॅमची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सांगितलेली मर्यादाच १५ आहे. आपल्या देशाची ६०. म्हणजे त्या हॉलमध्ये दिवसाला चार सिगारेटी ओढल्या, तर बाहेरची हवा महाबळेश्वरसारखी असली तरी दिवसभर तिथेच असलेल्या माणसाचा देशी कोटाही घरातच संपला. मुंबईत तर बाहेरचे कण त्याच खिडकीतून आत येतात आणि यात भर घालतात. काचा बंद केलेल्या गाडीत हवा तीनेक घनमीटर असते. तिथे आकडा हजारांत जातो, आणि मागच्या सीटवर मूल बसलेलं असतं.

सगळ्या जगाचा विचार केला तर बाहेरची हवा अधिक माणसं मारते, हे लपवायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये बाहेरच्या प्रदूषणामुळे ४२ लाख लोक अकाली गेले. दुसऱ्याच्या धुराने दरवर्षी दहा लाखांहून जास्त जातात. बाहेरची हवा सगळ्यांच्याच वाट्याला येते, म्हणून तो आकडा मोठा. पण ज्या घरात रोज सिगारेट किंवा विडी पेटते, त्या घरातल्या मुलासाठी हा क्रम उलटा असू शकतो. कर्करोगाच्या बाबतीत तर दोन्ही एकाच पंक्तीत बसतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आधी दुसऱ्याच्या तंबाखूचा धूर आणि मग २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवा, दोन्ही निश्चित कर्करोगकारक ठरवली आहेत.

"आमच्यात कुणाला काही झालं नाही" असं म्हणणाऱ्यांना जपानमधला एक अभ्यास सांगावासा वाटतो. ताकेशी हिरायामा यांनी सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित बायकांची चौदा वर्षं नोंद ठेवली आणि १९८१ मध्ये निष्कर्ष छापले. नवरा जितक्या जास्त सिगारेटी ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. दिवसाला वीस किंवा त्याहून जास्त ओढणाऱ्यांच्या बायकांमध्ये तो जवळपास दुप्पट निघाला. शेतकरी कुटुंबांतल्या काही बायकांमध्ये तर तो विशेष ठळक होता. शहराच्या हवेवर खापर फोडायला तिथे जागाच नव्हती.

हृदयाचंही तसंच. धूम्रपान करणाऱ्याबरोबर राहणाऱ्याला हृदयविकाराचा धोका पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढतो. मुलांना दमा बळावणं, कान वाहणं, वारंवार छाती भरणं, हे तर डॉक्टर रोज बघतात.

गॅलरीत उभं राहून ओढल्याने फारसं साधत नाही, वारा धूर आत आणतो. संडासात ओढली तर डक्टमधून वरच्या मजल्यावरच्यांच्या घरी जातो. आणि मच्छर कॉइल! एक कॉइल रात्रभर शंभरेक सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं मोजमाप आहे. बंद खोलीत तान्ह्या बाळाजवळ ती लावू नका, मच्छरदाणी वापरा.

बाहेरच्या हवेसाठीही गप्प राहू नका. सोसायटीत पालापाचोळा किंवा कचरा जाळू देऊ नका. शेजारचं बांधकाम पत्रे न लावता, पाणी न मारता धूळ उडवत असेल, तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार करा. थंडीत भल्या पहाटे धूर जमिनीलगत साचलेला असतो, म्हणून वयस्कर मंडळींनी ऊन वर आल्यावर फिरायला जावं. पण शहराची हवा सुधारायला वर्षं लागतील, आणि ते एकट्याच्या हातात नाही.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आहे. कायदा मात्र उंबऱ्याशी थांबतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या सुमारे ३९ प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असं सांगितलं. तेव्हा घरात हे बोलावं लागेल ते आपल्यालाच. वडीलधाऱ्यांना, सासऱ्यांना, नवऱ्याला सांगायला संकोच वाटतो, तरी सांगा. आणि ओढणाऱ्यांना विनंती, की सुटेपर्यंत निदान घरात आणि गाडीत पेटवू नका, खाली उतरा, माणसांपासून लांब जा. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे समुपदेशक बोलतात आणि फोनचे पैसे पडत नाहीत.