भ्रमणध्वनीवरील मनोपचार आणि रुग्णाचे ज्ञापकत्व

कर्करुग्णांच्या मनाला आधार देण्यासाठी अलीकडे भ्रमणध्वनीवरील ॲप्सची बरीच चलती झाली आहे. रोज सकाळी एक प्रश्न, उत्तरानुसार एखादा प्राणायाम अथवा धीराचा संदेश, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप. हेतूविषयी शंका नाही. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला रात्री दोन वाजता भीती दाटून येते, तेव्हा आपली चिकित्सालये बंदच असतात. परंतु ही साधने घडविताना रुग्णाला कोणी काही विचारले होते काय?

दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे आधुनिक उपचार घेत असलेल्या एक भगिनी अग्निमांद्य व अनिद्रेसाठी माझ्याकडे येत असत. अशाच एका ॲपवरील 'आज मन उदास आहे काय?' या प्रश्नास त्या नित्यनेमाने 'नाही' असे उत्तर देत. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, फोन माझा असला तरी मुलगा हाताळतो. 'हो' वाचलं की दिवसभर माझ्याकडे बघत बसतो." ॲपच्या दप्तरी मात्र त्यांचे मन प्रसन्न! शिवाय त्यांना मृत्यूपेक्षा तपासणीचा अहवाल येण्यापूर्वीचे चार दिवस अधिक छळत. त्याविषयी प्रश्नच नव्हता. आपल्याकडे अनेक घरांत निदान रुग्णापासून लपविले जाते. तेथे पडद्यावर अवचित उमटलेला 'कर्करोग' हा एक शब्द काय अनर्थ करील, हे रुग्णाच्या घरचेच सांगू शकतात.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत भिषक्, द्रव्य व उपस्थाता यांच्या पंक्तीला रोगी बसविला आणि त्याच्या गुणांत ज्ञापकत्व गणले. आपण मात्र निर्देशकारित्वावर तासभर बोलतो आणि ज्ञापकत्व अर्ध्या मिनिटात उरकतो. त्याचे मोल अन्यत्रही दिसले आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात 766 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. संगणकाद्वारे आपली लक्षणे वेळोवेळी कळविणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान 31.2 महिने होते, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे 26. तो मनोपचाराचा प्रयोग नव्हता. तथापि रुग्णाचे सांगणे वेळेवर ऐकले गेल्याने काय घडते, हे त्यातून दिसते.

'रुग्णाला तंत्रातले काय कळते?' हा आक्षेप मला पोकळ वाटतो. त्याने संगणकाची आज्ञावली लिहावयाची नाही. प्रश्न कोणत्या वेळी यावा, कोणता शब्द बोचतो, उत्तर कोण वाचणार, एवढे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. 'जगावेसे वाटत नाही' असे कोणी लिहिले, तर पलीकडे माणूसच हवा. किमान 2022 पासून अहोरात्र चालणाऱ्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक तरी समोर यावा.

आपल्यापैकी काही वैद्यमित्र सत्त्वावजयावर आधारित ॲप काढण्याच्या विचारात आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की पहिला पाठ लिहिण्यापूर्वी पाच-सहा रुग्ण व त्यांचे शुश्रूषक यांना बोलवावे. त्यात एखादे ॲप कंटाळून सोडून दिलेला रुग्ण अवश्य असावा. त्यांना प्रवासखर्च व मानधन द्यावे आणि नापसंत भाग रद्द करविण्याचा अधिकारही द्यावा; अन्यथा ती बैठक नव्हे, हळदीकुंकू. औषधालयाच्या मालकांनाही बोलवावे. वैद्यासमोर न उघडणारे मन पुष्कळदा गल्ल्यापाशी उघडते.

त्या भगिनींनी सुचविलेले बदल दोनच होते: प्रश्न मुलगा कामावर गेल्यानंतर यावा, आणि उत्तर देताच ते पडद्यावरून पुसले जावे.