संमती कुणाची?

हवेला जात नसते, असं शाळेत शिकवतात. पाण्याला होती. म्हणून १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. हवेभोवती कुंपण घालता येत नाही, तिच्यावर पहारा बसवता येत नाही, तेव्हा ती तरी सगळ्यांची, असं आपणही धरून चाललो. साफ झूट. हवा अडवत नाहीत, पण घाण हवा कुणाच्या दारात सोडायची ते ठरवून सोडतात. माहुलचं बघा. इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली सांगितलं. त्यानंतर तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या उठवून माणसं कुठे नेली? त्याच माहुलला, रिफायनऱ्यांच्या धुराखाली.

मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो आणि आचोळ्यात राहतो. पाळी सुटल्यावर नाक शिंकरलं की दिवसभर काय उतरवलं ते फडक्यावर दिसतं. पिवळं तर गंधक, करडं तर सिमेंट. मॅट्रिक झालोय, तेवढ्या जोरावर सरकारचे हवेचे कागद वाचायला घेतले. वाचता येतात, मित्रांनो. अवघड भाषेला भिऊ नका.

कागदावर सगळं आहे. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. हवेचा कायदा १९८१ चा. त्याचं सगळं यंत्र एका शब्दावर फिरतं : संमती. कारखाना उभारायचा तर मंडळाची संमती, चालवायचा तर पुन्हा मंडळाची संमती. चिमणी किती उंच, धूर किती, सगळं त्या संमतीपत्रात. छाती आपली आणि संमती मंडळाची. मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी असते, तीही सगळ्यांना नाही. ज्या बारक्या भट्ट्यांच्या भिंतीला भिंत लावून आपल्या चाळी उभ्या आहेत, त्यांच्या संमतीपत्राची दवंडी वस्तीत कोण पिटतो?

उद्योगांना रंगही दिलेत. सर्वात घातक तो लाल, मग नारिंगी, हिरवा, पांढरा. २०२५ साली केंद्रीय मंडळाने नवा रंग काढला, निळा. कुणाला? कचरा, मैला, सांडपाणी यांची विल्हेवाट लावणाऱ्या कामांना. त्यांच्या संमतीची मुदत दोन वर्षांनी जास्त. त्या साहेबांच्या मनात काही नसेलही. पण गावकुसाबाहेर जी कामं वाटून दिली होती नेमक्या त्याच कामांना निळा रंग, हे वाचून हसावं की कागद फाडावा कळेना.

आणि संमती मोडली तर? कायद्यात किमान दीड वर्षाचा तुरुंग लिहिलेला होता. जनविश्वास कायद्याने एप्रिल २०२४ पासून तो काढला. आता दंड, १० हजार ते १५ लाख. मोठ्या धंद्याच्या खर्चाच्या वहीत ती एक ओळ. हा कुठल्या जनांचा विश्वास ते त्यांनाच ठाऊक.

आता आचोळ्याकडे या. अग्रवाल नगरीजवळ ४१ इमारती उभ्या होत्या. सगळ्या बेकायदा. विकास आराखड्यात ती जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव. जमिनी लाटणाऱ्यांनी खोटे कागद करून घरं विकली, हातावर पोट असलेल्यांनी आयुष्याची कमाई घालून ती घेतली. ८ जुलै २०२४ ला उच्च न्यायालयाने पाडायचा आदेश दिला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत सगळ्या भुईसपाट झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर. बांधकाम पाडताना धूळ कशी दाबायची याचे नियम २०१६ पासून आहेत. पण न्यायालयापुढे प्रश्न जमिनीचा होता. त्या दिवसांत आमच्या ताटातल्या भातावर जी करडी साय धरायची, तिचा दावेदार कुणी नव्हता.

थोडं थांबा इथे. इमारती उभ्या राहिल्या तर कायदा मोडतो. पाडल्या आणि कायदा तंतोतंत पाळला, तर आपल्या वाट्याला काय येतं? मैल्याचं केंद्र आणि कचऱ्याचा डोंगर. ज्याने तो आराखडा रंगवला त्याने आपली जागा आधीच ठरवली होती.

कचऱ्याचा डोंगर म्हणजे काय ते गोखिवऱ्याच्या लोकांना विचारा. डम्पिंग पेटतं आणि धूर वस्तीवर बसतो. उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार दंड, मोठा ढीग जाळला तर २५ हजार, असं हरित लवादाने २०१६ साली ठरवलं. थंडीत शेकोटी करणारा वॉचमन पावतीला सापडतो. डोंगर पेटला की पावती कुणाच्या नावाने फाडायची?

पैसा नाही म्हणतात. आहे. २०१९ पासून राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम चालू आहे, त्याच्या शहरांत आपलं वसई-विरारही आहे. २०२४ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने देशभरचा हिशेब मांडला : खर्चातले ६४ टक्के रस्त्याच्या धुळीवर, उद्योगांच्या धुरावर ०.६१ टक्के. म्हणजे झाडायची यंत्रं घ्या, पाणी मारायच्या गाड्या घ्या, चिमणीकडे बघू नका. याच आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूर आहे, २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलेलं! आणि यंत्र येवो न येवो, गल्लीतला झाडू आपल्याच आयाबहिणींच्या हातात, धूळ त्यांच्या नाकात.

रोज जो हवेचा आकडा सांगतात तो २४ तासांची सरासरी असतो, आणि यंत्र जिथे बसवलंय तिथला. जहाजाच्या तळात फावडं मारणाऱ्याच्या तोंडाशी यंत्र नसतं. सरासरीत माझी छाती आणि गच्चीत बाग केलेल्या साहेबाची छाती एकच.

आपलं सोपारं जुनं बंदर आहे. अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडा १८८२ साली इथेच सापडला. त्यात राजा शिकारीच्या सहली सोडून लोकांना भेटायला निघाल्याचं लिहिलंय. बावीसशे वर्षांपूर्वी राजा उठून येत होता.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती मोर्च्याने न्यायची आहे. संमतीपत्र मराठीत, वस्तीच्या फलकावर, सही होण्याआधी. यंत्र डम्पिंगच्या कडेला आणि गोदीत. पाडकाम करायचं तर आधी पाणी, पडदे आणि माणसांची सोय, मग बुलडोझर. सफाई कामगार आणि गोदी कामगारांच्या छातीची तपासणी दर सहा महिन्यांनी, सरकारच्या खर्चाने, आणि तिचा कागद कामगाराच्या हातात. आचोळ्यातल्या, गोखिवऱ्यातल्या पोरांनी आपापल्या चाळीतली खोकणारी माणसं मोजायला लागा. घर, वय, काम, किती वर्षं खोकतो. वही घ्या, रविवारी सुरू करा.