धर्मशिक्षण कोणाच्या भाषेंत?

ठाणें, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यांतील कॅथॉलिक धर्मग्रामांत रविवारीं मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, आणि ते चालविणारे बहुधा पगारी शिक्षक नसतात. बँकेंतील कारकून, परिचारिका, निवृत्त गृहस्थ, कॉलेजांतील विद्यार्थिनी अशीं माणसें सुटीची सकाळ खर्चून मुलांस प्रथम ख्रिस्तप्रसादासाठीं तयार करतात. या मंडळींत आमचीही गणना आहे. तेव्हां पुढील लिहिणें तटस्थाचें नव्हे. तक्रार आहे ती प्रथम आमच्याविरुद्धच.

एका रविवारीं आम्हीं दहा वर्षांच्या एका मुलास 'ग्रेस' म्हणजे काय असें विचारलें. त्यानें पुस्तकांतील व्याख्या एका दमांत, एकही शब्द न चुकतां म्हणून दाखविली. हेंच घरीं आजीला कसें सांगशील, असें विचारतांच तो गोंधळला व म्हणाला, "आजीला इंग्लिश येत नाहीं, सर." ती आजी ठाण्याच्या जुन्या ईस्ट इंडियन वस्तींतली. 'देवाची कृपा' हे शब्द तिच्या तोंडीं दिवसांतून दहा वेळां येत असतील. नातवास जें एक ती स्वतः शिकवूं शकली असती, नेमकें तेंच आम्हीं तिच्या हातून काढून घेतलें, आणि तेंही विनामूल्य सेवा म्हणून!

यावर ठरलेलें उत्तर असें कीं, मुलें इंग्रजी शाळेंत जातात. वर्गांत गोव्याचीं, मंगळूरचीं, तामिळ अशीं सर्व प्रकारचीं मुलें असतात. मग दुसरी कोणती भाषा चालणार? मिश्र वर्गास इंग्रजी लागते हें आम्हांस मान्य आहे. पण ज्यांच्या घरीं मराठी बोलतात त्या मुलांसाठीं शेजारच्या खोलींत दुसरा वर्ग कां नसावा? केरळांतून आलेल्या सिरो-मलबार पंथीयांसाठीं १९८८ सालीं कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. पोटासाठीं परमुलखांत आलेल्या त्या लोकांनीं आपली मल्याळम् उपासना अद्याप जपली आहे. आणि आम्ही मासुंदा तलावाकांठचे लोक आपली बोली चर्चच्या पायरीवर ठेवून आंत जातों!

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. ते जन्मानें इंग्रज. इंग्रजी त्यांस आमच्याहून बरी येत असावी असें मानावयास हरकत नाहीं. तरी, जुनीं पुराणें सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांस ती उणीव भासूं नये म्हणून त्यांनीं सुमारें ११,००० ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' मराठींत रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांची धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी कोंकणींत आहे; ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं निघाली. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें, गोमंतकीयांनीं तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. कोंकणी त्या हुकुमाला पुरून उरली. आम्हांस हुकूमच लागला नाहीं.

खरें कारण मुलांची शाळा नव्हे, शिक्षकांची सोय हें आहे. इंग्रजींत शिकवितांना व्याख्या तयार मिळते. ती आम्ही वाचतों, मुलें पाठ करतात, आणि दोघांसही समजल्याचा भास होतो. तीच गोष्ट मराठींत सांगूं लागलों कीं लपावयास जागा उरत नाहीं. 'सॅक्रॅमेंट'ला संस्कार म्हणावें, तर उपनयनाहून तो वेगळा कसा, हें मूल लगेच विचारतें. आणि तेव्हां आपणांस स्वतःस तें किती थोडें उमगलें आहे हें कळतें. इंग्रजीचे पदवीधर असूनही (किंवा म्हणूनच) आम्ही कित्येक वर्षें या आडोशाला सुखानें बसलों होतों. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें (१९६२-६५) उपासनेचें दार लोकभाषांस उघडलें. २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं धर्मशिक्षकाच्या कार्यास अधिकृत सेवापदाचा मान दिला. मान मिळाला, भाषेचा अभ्यास मात्र कोणी आमच्यासाठीं करून ठेवलेला नाहीं.

येत्या जूनपासून मराठी वर्ग घेण्याचें आम्हीं फादरांस कळविलें आहे. यादींत सात नांवें आलीं होतीं. मुलाचें इंग्रजी कच्चें राहील म्हणून दोघां पालकांनीं तीं मागें घेतलीं. तो 'ग्रेस'वाला मुलगा आहे, आणि मागच्या बाकावर बसलें तर चालेल काय, असें त्याच्या आजीनें विचारलें आहे.