एका दाताचा हिशेब

दिवाळीत साडूंकडे बालाघाटला गेलो होतो. वैनगंगेकाठचं हे गाव मध्य प्रदेशात, पण गोंदिया जेमतेम चाळीस किलोमीटरवर. त्यामुळे मराठी कानावर पडतेच.

फराळाला बसलो तर साडूभाऊ चकली चहात बुडवून खाताहेत! खालची दाढ काढून वर्ष झालं होतं. म्हणाले, "एकाने काढता-घालता दात सांगितला, दुसऱ्याने ब्रिज, तिसऱ्याने इम्प्लांट. तुम्ही कारकून माणूस, तुम्हीच हिशेब करा."

केला. काढता-घालता दात सगळ्यात स्वस्त, पण रात्री काढायचा, रोज धुवायचा, आणि चावताना तो हलतो. ब्रिज पक्का बसतो, पण त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. एका गेलेल्या दातासाठी दोन धडधाकट दातांचा बळी! इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली तो पहिल्यांदा माणसाला बसवला. हाड धरायला सहसा तीन ते सहा महिने लागतात, मग वर टोपी. शेजाऱ्यांना धक्का नाही, पण खर्च सगळ्यात जास्त.

आणि काहीच केलं नाही तर? तोही फुकटचा सौदा नव्हे. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात लांबतो, तिथलं हाड झिजतं. तरीही अगदी शेवटची दाढ गेली असेल तर कित्येकदा काही न बसवताही चालतं. हेसुद्धा दवाखान्यात विचारायला हवं. आपण विचारत नाही.

माझं मत साडूभाऊंना आवडलं नाही. त्यांना आहे मधुमेह, आणि खिशात खर्र्याची पुडी. साखर ताब्यात नसेल तर जखम उशिरा भरते, तंबाखूने हिरड्या बिघडतात, आणि मग महागडा स्क्रूही सैल होतो. म्हटलं, "आधी पुडी सोडा, तीन महिन्यांची साखर तपासा, मग स्क्रूचं बोलू." वहिनी आतून म्हणाल्या, "ऐका हो!"

दुसरं सांगितलं ते असं, की एकाच दवाखान्याच्या दरपत्रकावर सही करू नका. गोंदियाहून रेल्वेने नागपूर गाठा. तिथलं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. आपल्या बांबोळीचं दंत महाविद्यालय १९८० चं, तरी आपणही फक्त दुखलं की तिथे जातो. सरकारी ठिकाणी रांग असते, वेळ जातो, पण खर्च कमी आणि घाईने काही गळ्यात मारलं जात नाही.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण हसत म्हणतो. पण पगार आला की टीव्ही घेतो, दात मात्र "दिसत नाही ना, राहू दे" म्हणून सोडून देतो. असो... निघताना साडूभाऊंनी पुडी खिशातून काढली, पाहिली आणि परत ठेवली. फेकली नाही. निदान पाहिली तरी!